तेरेखोलच्या अलीकडे

आबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. आज ठाकूरद्वारच्या माझ्या खोलीत लिहायला बसले आहे, कारण गेल्या महिन्यात मी ती खाडी पुन्हा ओलांडली. मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ले, तिथून मचव्याने किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलच्या मुखापर्यंत, आणि पलीकडे फिरंग्यांच्या हद्दीत आजीच्या गावी. आजीचे डोळे गेले आहेत, तिला बघायला गेले होते. मचव्याचा तांडेल तुमचाच जुना खलाशी निघाला. त्याने मला लगेच ओळखलं.

"मुंबयत डाकतरीण झालंस म्हणतत."

"डॉक्टरीण नाही. सुईण. इस्पितळात शिकलेली."

"मगे आमच्या बायलेक बघ एकदा. जीभ तेवढी धड आसा, बाकी सगळा दुखता."

मी हसले. मग अलीकडच्या तीरावरची वाळू आली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तुझो बापूस वायट नव्हतो, बाय. रीत ती रीत." मी विचारलं, ती रीत अजून आहे का? "आसा तर. होडी म्हणजे देव."

त्याच वाळूबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी नऊ वर्षांची. आईला आठवा संपत आलेला, बाळंतपणाला माहेरी, खाडीपलीकडे आजीकडे जायचं. गिरगावातल्या शेजारणी सांगत होत्या, आगबोटीने पाठवा, दोन दिवसांत पोचेल. तुम्ही ऐकलं नाहीत. तांडेलाची बायको दुसऱ्याच्या बोटीतून गेली तर बंदरावर लोक काय म्हणतील, हा तुमचा प्रश्न. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली खेप होती. मचवा नुकताच पुजलेला, पुढच्या टोकाला हळदकुंकू, झेंडूची माळ. आई फळीला टेकून म्हणाली, "ती तुमची पयली बायल. नारळ, माळ सगळा तिका. मी आपली दुसरी." खलाशी हसले, तुम्हीही हसलात. मला तो दिवस आवडतो, आणि आवडतो याचा राग येतो.

सहाव्या दिवशी दुपारी, खाडीच्या मुखाशी, तिला कळा सुरू झाल्या. पलीकडचा तीर समोर दिसत होता. मचव्यावर सावली होती, गोडं पाणी होतं, चूल होती, कोरडी फळी होती. म्हातारा खलाशी एवढंच बोलला, "तांडेला, होडयेक सोयर लागात." सोयर लागलं तर मचवा बाटणार, पुन्हा पुजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अख्खी खेप अडकणार. तुम्ही आईला उचललंत, गुडघाभर पाण्यातून नेऊन अलीकडच्या वाळूवर उंडीच्या झाडाखाली ठेवलंत. मला म्हणालात, "चेडवा, आवशीकडे लक्ष ठेव. सुईण घेऊन आताच येतंय."

मचव्याच्या मागे छोटी होडी बांधलेली होती. त्या होडीतून एका खलाशाला पाठवून तुम्ही थांबू शकला असता. पण ओहोटी लागत होती, मचवा वाळूत रुतला असता. म्हणून तुम्ही मचवाच घेऊन गेलात. पलीकडच्या चौकीवर भरलेला मचवा तपासल्याशिवाय सोडत नाहीत, हे तुमच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? रिकाम्या होडीला कोणी हटकलंही नसतं. तुम्ही परत आलात तेव्हा उन्हं कलली होती. मूल रडलंच नव्हतं, आणि आई थंड पडली होती.

सुईणीने तिला पाहून जे सांगितलं ते मी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ पुढे इस्पितळात कळला. वार पडली होती, पण गर्भाची पिशवी आवळली नव्हती, म्हणून रक्त थांबलं नव्हतं. अशा वेळी पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट होईपर्यंत चोळायचं असतं. ताकद लागते, अक्कल फारशी लागत नाही. ती सुईण अडाणी होती, पण तिला हे येत होतं. वेळेवर आली असती तर आई वाचलीच असती, असं मी लिहिणार नाही. माझ्या हातूनही बायका गेल्या आहेत. पण त्या फळीवर गेल्या, सावलीत गेल्या, आणि त्यांच्याजवळ माणूस होतं.

लोक चौकीला दोष देतात, ओहोटीला देतात, रीतीला देतात. मी देत नाही. रीत बोलली नव्हती, म्हातारा खलाशी बोलला होता, आणि मचवा तुमचा होता. तुम्ही 'नाही' म्हणाला असता तर तो विडा चघळत गप्प बसला असता. पुढे तुम्ही मला मिशनच्या शाळेत ठेवलंत, दर खेपेला काजू, कोकमं आणलीत. दारात उभे राहायचात, आत यायचा नाहीत. मीही या म्हटलं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

एका खेपेला मात्र तुम्ही दारातूनच विचारलंत, "आवस माझेर रागावली नाय मां?" मी म्हटलं, नाही. शेवटपर्यंत मी तिचा हात धरला होता, आणि ती रागावली नव्हती, असं सांगितलं. तुम्ही काजूची पुडी उंबऱ्यावर ठेवलीत आणि गेलात. पुढच्या पावसाळ्यात तापाने वारलात.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. पण हातात लेखणी आहे तोवर एवढं लिहिते. ती काय म्हणाली, मला ठाऊक नाही. रक्त दिसलं तशी मी पळाले. मी खाली पाण्यात, तिच्याकडे पाठ करून, तुमचं शीड दिसतं का ते बघत उभी होते. ती हाका मारत होती तोवर मी वळले नाही.