माशी नसलेला संडास

बाबा, परसातल्या त्या संडासाला खरं काय लागलं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दगड ओढ्यातला, फुकट. चुन्यासाठी शहापूरच्या बाजाराला दोन खेपा, ऐनाचे चार वासे आणि माझ्या हातचे अठरा दिवस. आणखी एक गोष्ट लागली, ती मी तुमच्याकडून घेतली, न विचारता.

कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गवंडीकाम शिकलो तेव्हा तिथल्या चाळीत टोपलीचे संडास पाहिले होते. रोज सकाळी एक बाई ती टोपली डोक्यावर घेऊन जायची, आणि लोक तिला वाट देताना तोंड फिरवायचे. माझा संडास तसा नव्हता. पुरुषभर खोल खड्डा, वर फरशी, पाय ठेवायला दोन घडीव दगड. कुणाला काही उचलायला नको. मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत शेतकऱ्याच्या घरातला पहिला संडास माझा, हे मी आजही चारचौघांत सांगतो. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून संशयाने बघत होतात. लढाईचे दिवस, सरकार सक्तीच्या लेव्हीचं भात घराघरातून मोजून नेतंय, आणि अशा वर्षी पोराला घरामागे खड्डा कशाला सुचतो? एकदाच विचारलंत, "खड्ड्यात काय हाय रे?" मी म्हटलं, "संडासात काय असतं, बाबा?" तुम्ही तंबाखू मळत राहिलात.

खड्ड्यात सात पोती भात होतं, वर पळसाची वाळकी पानं. संडासात डोकावणार कोण, हा माझा हिशोब. पण शेजारच्या काकीचं नाक माझ्या कानांइतकंच तिखट. ती पाणवठ्यावर बोलली ते मी ऐकलं: दोन महिने झाले, संडासाला वास नाय, माशी पण नाय, ही माणसं जेवत नाय काय? चार दिवसांत तलाठी दारात. खड्ड्यात भात दडवलंय का, हे त्याने मला विचारलंच नाही, तुम्हाला विचारलं, कारण बांधाच्या भांडणात सारा गाव तुमचाच शब्द धरायचा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नजर वळवली नाही. "माझा पोरगा खोटं नाय बोलत," म्हणालात आणि कोपऱ्यातलं टमरेल उचललंत. जन्मभर पहाटे रानाची वाट धरणारे तुम्ही, भर दुपारी, साऱ्या आळीसमोर आत गेलात आणि कुडाचं दार लावून घेतलंत.

मी कान देऊन उभा. पाणी पडलं ते कोरड्या पानांवर. तलाठी काकीशी हसत बोलत होता, म्हणून ते फक्त मी ऐकलं. आणि तुम्ही. बाहेर येऊन टमरेल पालथं घातलंत, त्याला म्हणालात, "खड्डा नवा हाय, साहेब. माशी येल हळूहळू." तो गेला. त्या उन्हाळ्यात घरात भात शिजला तरी तुम्ही नाचणीची भाकरीच मागितलीत. आणि बांधाचं भांडण आलं की लोकांना दुसऱ्या म्हाताऱ्याकडे पाठवू लागलात. गुडघे दुखतात म्हणायचात. निवाडा काय गुडघ्यांनी करतात? तुम्हाला कळलं होतं, असा माझा संशय आहे. विचारायची छाती झाली नाही, आणि आता हे पत्र टाकायला पत्ता नाही.

म्हणून एवढंच लिहून ठेवतो. भात काढल्यावरही, तुम्ही होतात तोवर, त्या संडासात बसलेला माणूस एकच, तोही एकदाच. मी रोज ओढ्याकडे जायचो.