अंगठ्याखालची बारा बटणं

सोमवार, ४ मार्च

डाव्या हाताच्या करंगळीने आज संप पुकारला.

इतकी वर्षं ती बिचारी कंट्रोलची की दाबून धरते आहे. शेजारचं बोट सी दाबतं, मग व्ही दाबतं. ठरलेलं उत्तर उचलायचं, ग्राहकाच्या तक्रारीखाली चिकटवायचं, पाठवून द्यायचं. दिवसभर तेच. लढाईत तलवार लागलेल्यांची इतिहासात नोंद होते. पंख्यांच्या कंपनीच्या तक्रार विभागात कॉपी-पेस्ट करून जायबंदी झालेल्या करंगळीची नोंद कोण घेणार? मीच घेतो. म्हणून ही रोजनिशी.

बायकोला करंगळी दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाली, दुसऱ्या हाताच्या करंगळीसारखीच दिसतेय की.

या घरात वेदनेला किंमत नाही.

मंगळवार, ५ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला आणि शॉर्टकटला. तक्रार विभागात आम्ही दोघंच. पुढच्या महिन्यापासून तिथे एकच खुर्ची राहणार. वीस तारखेपर्यंत जो जास्त तक्रारी निकाली काढेल त्याची खुर्ची. दुसऱ्याने गोदामात जायचं.

गोदाम म्हणजे आवाराच्या मागची पत्र्याची शेड. पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या त्या गोदामात एकही पंखा फिरत नाही. सगळे खोक्यात.

शॉर्टकट म्हणजे शेजारच्या टेबलावरची मुलगी. वयाने माझ्या निम्मी. माऊसला हात लावत नाही, सगळं कीबोर्डवरून करते. हे नाव मी ठेवलेलं, मनातल्या मनात. ती मला सर म्हणते, तेही अदबीने. त्यामुळे जास्त संशय येतो.

अनुभव विरुद्ध बोटं. अनुभव जिंकणार. फक्त करंगळीचा प्रश्न सोडवला पाहिजे.

बुधवार, ६ मार्च

सुटला. गेमिंग माऊस! एका कुशीत, अंगठ्याखाली, बारा बटणं. प्रत्येक बटणाला आपण सांगू ते काम. आमच्या विभागाची छापील उत्तरंही बाराच. याला योगायोग म्हणत नाहीत.

लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलंय, अंगठा कुठे टेकवायचा तेच कळत नाही. दुसरा म्हणतो, विकत घेण्याआधी स्वतःला विचारा, खरंच किती बटणं वापराल? कच्च्या अंगठ्याची माणसं. पुढचे अभिप्राय वाचले नाहीत.

मागवला. किंमत इथे लिहीत नाही. रोजनिशी खाजगी असते, पण कपाट दोघांचं आहे.

शुक्रवार, ८ मार्च

आला. जड आहे. रंगीत दिवे आहेत. कॅल्क्युलेटरचं पिल्लू माऊसच्या कुशीत शिरल्यासारखं दिसतं.

बायको म्हणाली, अहो, अंगठे किती आहेत तुम्हाला? म्हटलं, बारा बटणांना एकच अंगठा लागतो, हीच तर त्यातली गंमत. म्हणाली, मग तो एक तरी धड ठेवा.

मुलगी कॉलेजातून आली, हातात घेऊन दोनचार बटणं दाबली. म्हणाली, बाबा, ज्या गेममध्ये एका वेळी तीस-चाळीस मंत्र टाकायचे असतात ना, त्यांच्यासाठी असतो हा. तुमच्या ऑफिसात मंत्र किती? मी विचार केला. प्रामाणिकपणे एकच आठवला: गैरसोयीबद्दल क्षमस्व. पण तिला सांगितलं, पुष्कळ.

रविवार, १० मार्च

अख्खा दिवस बटणांना उत्तरं नेमून देण्यात गेला. एकवर ‘तक्रार नोंदवली आहे’. चारवर ‘हमीची मुदत संपली आहे’. सातवर आमचं सर्वात चालणारं उत्तर, ‘कारागीर उद्या सकाळी येईल’. नऊवर ‘आमची निवड केल्याबद्दल आभार’. बारावर क्षमस्व.

मग पाठांतर. डोळे मिटून, काडेपेटीवर अंगठा ठेवून. जेवताना बायकोने विचारलं, भाजी वाढू का? अंगठा आपोआप खालच्या कोपऱ्यात, बारावर गेला. म्हणजे बोटांत बसतंय. उद्यापासून शॉर्टकटची धडगत नाही.

सोमवार, ११ मार्च

काही प्राथमिक अडचणी.

साधा माऊस उचलायचा तर आपण त्याला दोन्ही बाजूंनी धरतो. याच्या एका बाजूला धरायला जागाच नाही, तिथे बटणं आहेत. पॅडच्या कडेला गेलेला माऊस उचलून मध्ये आणला, तेवढ्यात चार आणि नऊ एकदम दाबली गेली. एका गृहस्थांचा पंखा छतावरून खाली पडला होता. त्यांना कळवलं गेलं, हमीची मुदत संपली आहे. त्याखाली लगेच, आमची निवड केल्याबद्दल आभार.

त्यांचं उत्तर आलंय. इथे उतरवून घेण्यासारखं नाही.

दुपारपर्यंत शॉर्टकट माझ्या दुप्पट पुढे. तिच्या कीबोर्डचा आवाज पत्र्यावर चणे टाकल्यासारखा येतो. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, सर, छान आहे हो, दिवे पण लागतात. हा टोमणा होता का, हे घरी येईपर्यंत ठरलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

उपाय सापडला. प्रत्येक बटणावर बारीक अक्षरांची चिठ्ठी चिकटवली. दिवसभराच्या वापरानंतर उणीव लक्षात आली. चिठ्ठी अंगठ्याखाली असते. वाचायची तर अंगठा उचलावा लागतो, अंगठा उचलला की माऊस सुटतो, सुटू नये म्हणून घट्ट धरला की काहीतरी पाठवलं जातं.

घामाने चिठ्ठ्या निघाल्या. घरी हात धुताना बायकोने अंगठा धरून वाचला. त्यावर ‘क्षमस्व’ चिकटलं होतं. म्हणाली, चला, एकदाचं लेखी दिलंत.

गुरुवार, १४ मार्च

अंगठा सुजला. डॉक्टरांनी विचारलं, गेम खेळता का? म्हटलं, नाही, पंख्यांच्या तक्रारी बघतो. त्यांनी अंगठा जरा जास्तच वेळ दाबून पाहिला. मलम दिलं. म्हणाले, साधा माऊस वापरा.

डॉक्टर लोकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते.

करंगळी मात्र ठणठणीत. म्हणजे ज्या कामासाठी माऊस घेतला ते काम त्याने केलं. हे कुणी बोलत नाही.

शनिवार, १६ मार्च

आकडे चांगले नाहीत. शॉर्टकट इतकी पुढे गेली आहे की फळ्यावर साहेबांनी तिचा आकडा लिहिताना खडू बदलला.

पण आज मला माऊसचं मर्म सापडलं. आतापर्यंत मी त्याला मजुरासारखा वापरत होतो. एकाच बटणाला चार कामं सांगता येतात: उत्तर चिकटव, पाठव, तक्रार बंद कर, पुढची उघड. सातवर बसवलं. सॉफ्टवेअरने विचारलं, हे एकदाच करायचं, की बटण पुन्हा दाबेपर्यंत करत राहायचं? एवढे पैसे घेणारं यंत्र एकदाच काम करणार म्हणजे अपमान झाला. दुसरा पर्याय निवडला.

सोमवारी सगळं फिरणार.

सोमवार, १८ मार्च

फिरलं.

सकाळी साहेबांनी हाक मारली. उठताना माऊस उचलून जरा बाजूला ठेवला. नीट, जपून ठेवला. केबिनमध्ये दहाएक मिनिटं गेली असतील. परत येऊन पाहतो तर पडद्यावर ‘प्रलंबित तक्रारी: शून्य’.

शून्य! या विभागात हा आकडा कुणी पाहिलेला नाही.

सातवं बटण. माझ्या यादीतल्या एकूण एक ग्राहकाला कळवलं गेलं होतं की कारागीर उद्या सकाळी येईल. कंपनीकडे कारागीर चार आहेत. त्यातला एक रजेवर.

साहेबांना सांगायला वळलो, तर साहेबच मागे उभे. त्यांनी शून्य पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. हिशेब विभागातली माणसं उठून आली. साहेब म्हणाले, शिका, शिका जरा, या वयात हा उत्साह! काय केलंत नेमकं? मी नम्रपणे म्हटलं, साधन चांगलं असलं की होतं.

शॉर्टकटने टाळी वाजवली नाही. तिने बंद झालेली एक तक्रार उघडून वाचली. मग दुसरी. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, सर, चहा घेऊन या तुम्ही, आणि बसा.

साहेबांना उद्या सांगणार. सकाळी सकाळी नको. तसंही सगळेच ग्राहक काही घरी थांबत नाहीत. लोकांना कामं असतात.

मंगळवार, १९ मार्च

सगळे घरी थांबले.

ऑफिसात पाय ठेवला तेव्हा सगळे फोन वाजत होते, हिशेब विभागातलेही. कुणी रजा काढलेली, कुणी मुलांना शाळेत सोडायला शेजाऱ्याला पाठवलेलं. कारागिरांचा मुख्य माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, साहेब, आम्हाला पण बारा हात द्या की विकत आणून. केबिनमध्ये साहेबांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, साधन चांगलं असलं की होतं, नाही का?

शॉर्टकटने स्वतःचं काम बाजूला सारलं आणि माझ्या यादीचा खालचा भाग उचलला. म्हणाली, वरून तुम्ही, खालून मी. तिचं फोनवरचं बोलणं ऐकत होतो. ताई, चूक आमची आहे. माणसं चारच आहेत हो आमच्याकडे. तुमचा नंबर पुढच्या गुरुवारी लागेल, चालेल का? आणि लोक चालेल म्हणत होते! हे वाक्य माझ्या बारांत नाही. तेरावं बटण असतं तर बसवलं असतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवून झालं. एक राहिली. घरी शिवणकाम करणारी बाई आहे. फोन वाजतो, उचलत नाही. माझ्या सातव्या बटणाला तिने उत्तर दिलं होतं: बरं. उद्या मापं घ्यायला जाणार होते, जात नाही. घरीच थांबते.

बुधवार, २० मार्च

सकाळी तिचा निरोप: काल कुणी आलं नाही. हरकत नाही, आजही थांबते.

कारागिरांच्या मुख्याला विचारलं. तिच्या पंख्याची मोटर जळली आहे, सुटा भाग शिल्लक नाही, दोन आठवडे लागतील.

फोन लावला. या वेळी उचलला. शॉर्टकटचं वाक्य तोंडपाठ करून बसलो होतो. बाई, चूक आमची आहे, असं म्हणणार तोच ती म्हणाली, आलात का? मशीनच्या आवाजात काल फोन ऐकूच आला नाही बघा. कुठपर्यंत आलात? पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे वळा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागे मशीन चालू होतं. मी म्हटलं, जवळच आहे. आणि फोन ठेवला.

का म्हटलं, माहीत नाही. बटणाला हातही लावला नव्हता.

पाच वाजता निकाल. खुर्ची शॉर्टकटची. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, तोही सुजलेल्या अंगठ्याचा. एक तारखेपासून गोदाम.

शॉर्टकट म्हणाली, सर, ती शिवणवाली बाई झाली का? मी म्हटलं, झाली.

शुक्रवार, २२ मार्च

गोदाम पाहून आलो. अगदीच वाईट नाही. शांत आहे. खोक्यांवरचे कोड वाचायला पिस्तुलासारखं यंत्र देतात. त्याला एकच बटण आहे. तर्जनीने दाबायचं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर माझ्यासारख्याला हेच योग्य होतं.

माऊस मुलीला दिला. तासाभराने परत आणून ठेवला. म्हणाली, बाबा, मंत्रांच्या गेमवाल्या कुणाला तरी विकून टाका, त्यांना खरंच उपयोगी पडतो. तुम्हाला नि मला बाजूची दोन बटणं बास, पुढे आणि मागे. म्हटलं, या निष्कर्षाप्रत मी आधीच आलो होतो. म्हणाली, मग परत का नाही केलात? म्हटलं, मुदत कालच संपली.

विकण्याची जाहिरात टाकली. ‘क्वचित वापरलेला.’ एकाच माणसाने विचारणा केली. त्याला चिठ्ठ्यांचा डिंक जाईल का ते जाणून घ्यायचं होतं.

दुपारी शिवणवालीचा निरोप, कंपनीच्या नंबरवर. शॉर्टकटने वाचायच्या आत मी वाचला. फक्त ‘?’ पाठवलं होतं.

रविवार, २४ मार्च

बेडरूममधला टेबलफॅन पुसला, वायर गुंडाळली, बसने नेला. सीटवर मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही, पण विचार केला.

टाकीपासून उजवीकडे. तिसरा मजला. दार उघडून बाई माझ्याकडे बघतच राहिली. कंपनीचे ना? जवळच आहे म्हणून कधीपासून जवळच येताय! पेटी कुठाय तुमची? मी म्हटलं, मोटर मिळायला दोन आठवडे आहेत, मी चुकीचं कळवलं होतं. तोपर्यंत हा. ती म्हणाली, कंपनी असं देते? म्हटलं, देते.

खोलीत सगळीकडे कापड. छताचा पंखा थिजलेला. मशीनशेजारी स्टूल होतं, त्यावर ठेवला. चालू केला तशी कागदाची मापं उडाली, मग तोंड जरा भिंतीकडे वळवून दिलं. बाई मशीनवर बसली, पदराने मान पुसली, म्हणाली, आता बरंय. सही कुठे करू? म्हटलं, सही नको. पाणी दिलं, प्यायलो, उतरलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, अहो, टेबलफॅन कुठे गेला? म्हटलं, दिला. कुणाला दिला?

म्हटलं, होतं एक देणं.