तिन्ही मशीन ठीक

३ जानेवारी १९९४, सकाळी ७
यंदा रोज लिहिणार.
कंपनीचे तीन कारखाने: अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. तिन्हीकडे वेगवेगळ्या मेकचे कॉम्प्युटर, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. साहेब म्हणाले, भोईर, वर्षअखेर तिघांची तब्येत इथे अंबरनाथला एका स्क्रीनवर दाखवा, सिस्टीम्स मॅनेजर करतो. नाहीतर स्टोअर्समध्ये जागा रिकामी आहेच. साहेबांना चेष्टेची हौस. तयार सॉफ्टवेअर विकत घ्या, असंही म्हणाले. छे. मी ओपन स्टँडर्ड बनवणार, म्हणजे सगळ्या मशीनना एकच नियमावली. कुठलंही मशीन चालेल, कुणीही कमिटीत यावं. अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्या हेच करत बसल्यात. मार्चपर्यंत उरकेल. मग पेटंट.

४ जानेवारी
उल्हासनगरला पितळी पाटी करायला टाकली. 'महिपती भोईर, सिस्टीम्स मॅनेजर'. इंदू म्हणाली, आधी व्हा तर खरं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हिला प्लॅनिंग कळत नाही.

२१ फेब्रुवारी
मधे लिहिणं झालं नाही. काम फार.
कमिटीची पहिली मीटिंग. बदलापूरचे इन-चार्ज बाळाजी, उल्हासनगरचे हासानंद आणि मी. चेअरमन कोण, यावर चर्चा. तिघेही तयार होते. पाळीपाळीने व्हायचं ठरलं. बाळाजींच्या शिरगावच्या घरून मटण आलं होतं. फार सुरेख. मिनिट्समध्ये घेतलं नाही.

१८ एप्रिल
स्टँडर्डला नाव काय द्यायचं यात मार्च गेला. नाव अजून ठरायचंय. आता 'बिघाड' कशाला म्हणायचं, हा प्रश्न. बाळाजी म्हणतात, वीज गेली तर तो बिघाड नाही, ते बदलापूर आहे. हासानंद म्हणतात, मशीन बंद आहे तो बंद आहे, पण साईं, सगळ्या गावाला कशाला सांगायचं? मुद्दा नोंदवला.

९ जुलै
शनिवार. ऑफिसात डोकं चालत नाही म्हणून मीटिंग बारवी धरणावर. ऐतिहासिक दिवस. कलम चार मंजूर: मशीन बिघडलं तर ते सांगण्याआधी मशीनने आपल्या इन-चार्जची परवानगी घ्यावी. परवानगी मिळेपर्यंत स्क्रीनवर 'ठीक' दिसावं.
मी एकट्यानेच विरोध केला. मग हासानंदनी माझ्या प्रिंटरची चौकशी केली. तो मे महिन्यापासून बंद आहे. विरोध मागे घेतला. ओपन म्हणजे सर्वांचं ऐकून घेणं.

१२ सप्टेंबर
गणपतीला साडू आले होते. इंदूने त्यांना सांगून टाकलं, आमचे हे डिसेंबरात मॅनेजर होतात. अशा आवाजात सांगितलं की मी स्वतः उठून साडूंना आणखी दोन मोदक वाढले. नंतर पोळ्या लाटताना म्हणाली, पण मशीन खरंच बिघडलं तर तुम्हाला कळणार कसं? म्हटलं, कलम चार वाच. म्हणाली, वाचूनच विचारतेय. तिला टेक्निकल बॅकग्राऊंड नाही.
पाटी आली. झकास. ट्रंकेत ठेवली.

२८ नोव्हेंबर
कलमं तेवीस झाली. प्रोग्राम तेवढा लिहायचा राहिलाय.

३० नोव्हेंबर
प्रोग्राम झाला. वाटला होता त्याहून सोपा निघाला, स्क्रीनवर एकच शब्द तर आणायचाय.

३० डिसेंबर, दुपारी ४
डेमो. नवा शर्ट. तिन्ही कारखाने एका स्क्रीनवर. अंबरनाथ ठीक. उल्हासनगर ठीक. बदलापूर ठीक. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण त्यांनी अभिनंदन करायला म्हणून बदलापूरला फोन लावला.
बाळाजी रजेवर. फोन वॉचमन धाकलूने उचलला. म्हणाला, काम्पुटर? त्यो दिवाळीच्या आधीच टेम्पोत घालून रिपेरीला नेलाय. टेबलावर आमी डबे ठेवतो.
साहेबांनी फोन ठेवून स्क्रीनकडे पाहिलं. बदलापूर ठीकच होतं. मी कलम चार दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मग शांतपणे विचारलं, भोईर, तुम्हाला स्टोअर्सचं काम येतं का.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
ऑर्डर हातात आली. स्टोअर्स, बदलापूर. स्टँडर्ड वाईट आहे असं साहेब कुठेही म्हणालेले नाहीत, याची नोंद घ्यावी. शिवाय कारखाना घरापासून जवळ.
घरी आलो तर इंदू दारातच उभी. नवी साडी. शेजारच्यांकडून ड्रिल आणून भिंतीला चार भोकं पाडून घेतलेली, पाटी पुसून हातात. साडूंकडचे सगळे आत येऊन बसलेले. तिने हळूच विचारलं, कसं झालं?
म्हटलं, ठीक.
पाटी लावली. जरा हलतेय. सोमवारी स्टोअर्समधून मोठे स्क्रू आणीन.