अर्धा तास थांबा

३ मे

पोचले एकदाची. बॅग, उशी, आईने बळेबळे दिलेलं जाड पांघरूण आणि मी, असे चौघेजण साहेबांच्या जीपमधून वर आलो. पायथ्याला टोल नाका आहे. तिथे पावती घ्यायची, की पुढे शिखरापर्यंत वळणंच वळणं. साहेबांनी विचारलं, घाट लागत नाही ना. मी मोठ्या तोऱ्यात नाही म्हटलं आणि तिसऱ्या वळणावर खिडकीबाहेर डोकं काढलं. साहेब सज्जन आहेत, दुसरीकडे बघत राहिले.

माझी चौकी घाटाच्या मध्यावर आहे. रस्त्याकडेला काचेची कॅबिन, तिच्या दाराची कडी जरा अडकते. मागे खोली, खोलीत खाट आणि हीटर. पलीकडे मावशींचं कॅन्टीन. मावशींनी आल्या आल्या चहा दिला आणि लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी अर्धा कप दिला.

दादाला फोन केला. तो म्हणाला, आयुष्यभर आम्हाला फुकट अडवलंस, आता पगार घेऊन लोकांना अडव. त्याची लेक छकुली चार वर्षांची आहे. आत्या ढगात राहायला गेली असं ती शेजारीपाजारी सांगत सुटलीय. सीझन संपायच्या आत तिला घेऊन या म्हटलं.

५ मे

काम सोपं आहे, पण भांडणाचं आहे, म्हणजे अगदी माझ्याजोगं. वर जाणाऱ्यांच्या वाटेला जायचं नाही. खाली उतरणारी प्रत्येक गाडी थांबवायची आणि चाकाजवळ तापमान बघायची बंदूक धरायची. लोक गिअर न टाकता ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, मग ब्रेक तापतो, आणि फार तापला की दाबला तरी लागत नाही. म्हणून बंदुकीवर आकडा लाल दिसला की गाडी बाजूच्या थांब्यावर घ्यायला लावायची. अर्धा तास. कोणी कितीही गयावया केली तरी अर्धा तास. नंतर पुन्हा बंदूक लावायची आणि मगच सोडायची.

साहेबांनी आणखी एक गोष्ट दोनदा बजावली. थांब्याला उतार आहे, आणि तापलेला हँडब्रेक गार होताना ढिला पडतो. आत्ता घट्ट उभी असलेली गाडी थोड्या वेळाने आपली आपण घरंगळू शकते. म्हणून गाडी गिअरमध्ये हवी आणि चाकाखाली लाकडी ठोकळा हवा. ठोकळे बरेच होते, लोकांनी डिकीत टाकून पळवले. आता दोरी बांधलेला एकच उरलाय. नवे मागवलेत म्हणे. तोवर एकाला ठोकळा आणि बाकीच्यांना दगड.

दुपारी गाड्या तुरळक असल्या की मी कॅबिनमध्येच ही वही काढते.

९ मे

सुट्टी होती, शिखरावर जाऊन आले. वर लोखंडी कठडा आहे, आणि नाणं टाकलं की दिसणारी दुर्बीण आहे. नाणं न टाकताच मी बराच वेळ डोळा लावून उभी होते, मागच्या काकांना वाटलं मला काहीतरी भारी दिसतंय. खाली सगळा घाट एका नजरेत येतो आणि माझी चौकी काडेपेटीएवढी दिसते. वारा असा की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. मी मोठ्याने गाणं म्हणून घेतलं, कोणालाही त्रास झाला नाही. छकुलीला या कठड्यापाशी उचलून धरायचं आणि सगळं दाखवायचं, असं ठरवून टाकलंय.

१५ मे, शनिवार

डोकं उठलंय नुसतं. सकाळपासून गाड्यांची रीघ, दुपारी धुकं उतरलं, त्यात सगळे खाली जायच्या घाईत. एक राखाडी गाडी आली. चालवणारा चष्मेवाला, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. शेजारी बायको, मागे त्याची आई. आकडा लाल. गाडी थांब्यावर घ्यायला लावली, ठोकळा मी स्वतः लावला.

पाच मिनिटं झाली नाहीत तोच तो खिडकीशी हजर. ताई, झाला का अर्धा तास. नाही म्हटलं. थोड्या वेळाने परत तेच. इकडे रांगेतले लोक हॉर्नवर हात ठेवून बसलेले, एक बाई तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तो तिसऱ्यांदा आला. आईच्या गोळ्या खाली हॉटेलवर राहिल्यात म्हणाला. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही, नुसता उभा राहिला. मला त्या उभं राहण्याचाच वैताग आला. बंदूक पुन्हा लावायला हवी होती, नाही लावली. दोरी ओढून ठोकळा काढला आणि म्हटलं, जा बाबा एकदाचे. त्याने आभार मानले.

संध्याकाळी —

ती गाडी खाली पोचलीच नाही. खालच्या मोठ्या वळणावर कठडा तोडून दरीत गेली. तिघंही.

१६ मे

साहेबांनी विचारलं, नक्की काय झालं. मी सांगितलं की मी त्यांना थांबवलं होतं, पण रांगेकडे वळले तेवढ्यात ते न विचारता निघून गेले. पाठ केल्यासारखं घडाघडा बोलले. आधी ठरवलं वगैरे काही नव्हतं. साहेब म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, तुझी काही चूक नाही. मावशींनी चहात जास्तीची साखर घातली.

नोकरी टिकली. सगळं त्या माणसाच्या माथी मारून मी मोकळी झाले. तो थोडाच सांगायला येणार आहे.

२० मे

त्याचा मोठा भाऊ आला होता. मी दाराआड जाणार होते, पण त्याने मला पाहिलं. मला वाटलं आता हा माझ्या कानाखाली काढणार. काढायला हवी होती. त्याने हात जोडले आणि माझी माफी मागितली. तो लहानपणापासून उतावळा, तुमचं ऐकलं नाही, तुमच्या डोक्याला उगीच ताप झाला, असं म्हणाला.

आणि मी असू दे म्हटलं. वर पाणी विचारलं. आपला भाऊ, भावजय आणि आई घालवून बसलेला माणूस माझ्यापुढे खाली मान घालून उभा होता, आणि मी त्याला मोठ्या मनाने असू दे म्हटलं. लाज कशी वाटली नाही मला.

तो गेल्यावर हातांना जळक्या ब्रेकचा वास यायला लागला. साबणाने धुतले. तरी येतोय.

२२ मे

वास उशीला आहे. आईच्या पांघरुणाला आहे. मावशींना चहा हुंगायला दिला, त्यांना काही वास आला नाही. मला जेवण जात नाही.

दुपारी धुकं आलं आणि थांब्यावर ती गाडी उभी होती. राखाडी. आधी वाटलं, तसल्या शंभर गाड्या असतात. मग तो उतरला, खिडकीशी आला. बटणं तशीच, एक घर चुकलेली. ताई, झाला का अर्धा तास.

रागाने नाही विचारलं. रागाने विचारलं असतं तरी बरं झालं असतं.

नाही म्हटलं. तो मान डोलावून परत गेला आणि गाडीत बसला. धुकं विरलं तेव्हा थांबा रिकामा होता.

२४ मे

आज पुन्हा. मी ठोकळा घेऊन पळत गेले आणि त्याच्या चाकाखाली सारला. मागच्या सीटवरून आजींनी काचेतून बघितलं. पुन्हा सोडायचं नाही त्यांना, एवढं तर मी करू शकते ना. अर्धा तास तर अर्धा तास, दिवसभर तर दिवसभर.

मावशी कॅन्टीनच्या दारातून बघत होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, बाळा, रिकाम्या जागेत कशाला गं ठोकळा लावतेस.

२७ मे

साहेब रागावले. मी सगळ्याच गाड्या अडवते म्हणून तक्रारी गेल्यात. आकडा लाल नसला तरी अडवते. काय करू, माझा आकड्यावर विश्वास बसत नाही. साहेबांनी आठवड्याची रजा घे म्हणून सांगितलं. सोमवारपासून जाते म्हटलं. पण मी गेले तर त्यांना कोण अडवणार?

साहेबांना खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पावसापाण्याचं काहीतरी विचारलं आणि मिटलं.

दादाचा फोन. रविवारी येतोय, छकुलीने दुर्बिणीसाठी नाणं जपून ठेवलंय. येऊ नको म्हटलं. तो हसला. बहिणीने घाट काय विकत घेतलाय का म्हणाला. मी रडले तर म्हणाला, घरची आठवण येतेय तुला, आता तर येतोच.

२९ मे

तीनदा आला. तेच विचारतो. आई दमलीय म्हणतो.

तो ताई म्हणतो ना, ते सहन होत नाही.

३० मे, रविवार

दादा, वहिनी, छकुली वर गेले. मी खोलीत लपून बसले. छकुली हाका मारत होती.

दुपार. धुकं. राखाडी गाडी आधीच येऊन उभी. ठोकळा तिला लावला.

दादा खाली येतोय. पिवळे दिवे दिसतायत.

आकडा लाल. लालभडक. त्याला कितीदा सांगितलं होतं गिअरमध्ये उतर म्हणून. राखाडीच्या शेजारीच लावायला लावली. त्याने हँडब्रेक ओढला तोच खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. दुसरं काही करायला वेळच दिला नाही. आता बघू कसा जातो.

किल्ली माझ्या मुठीत आहे. कॅबिनची कडी आतून लावलीय.

वहिनी चहाला गेली. छकुली मागच्या सीटवर झोपलीय. दादा काच वाजवतोय. आधी हसत होता, आता नाही. अर्धा तास कधीच झाला म्हणतो, साहेबांना बोलावतो म्हणतो. बोलाव. मी सोडणार नाही. एकदा सोडलं होतं.

त्याच्या मागे तो उभा आहे. आज काही विचारत नाही. हातात काहीतरी धरून मला दाखवतोय. मी बघणार नाही. खाली मान घालून लिहीत बसणार.

लिहूनच टाकते. मी सोडलं त्यांना. ते पळाले नाहीत. माणूस तीनदा विचारायला आला, मला वैताग आला आणि मी जा म्हटलं. मग खोटं बोलले. वर त्याच्या भावाला माझी माफी मागू दिली. हे दादाला वाचायला देते, मग साहेबांना. मग जे व्हायचं ते होऊ दे. खूप बरं वाट —

दादा वाजवायचा थांबला. मागे वळला. पळतोय? धुक्यात काही —

वहिनी ओरडली —

तो काचेला अगदी चिकटून उभा आहे. हातात दोरी. दोरीला ठोकळा. माझ्याकडे धरलाय, घ्या म्हणतोय, ताई, आम्हाला नको, लवकर घ्या —

म्हणजे दादाच्या गाडीला मी —

गिअर —

किल्ली माझ्याकडे आहे, मग गाडी कशी —

कडी निघत नाहीये. छकुली आत —