मेजरची कलेजी आणि माझी शिस्त

३ मार्च १९३४, नंदुरबार स्टेशन

रेल्वेचे साहेब आज महाबळेश्वरला रजेवर गेले. जाताना आपला कुत्रा माझ्या, म्हणजे तारमास्तर पाटलांच्या, स्वाधीन केला. सगळ्या स्टेशनात त्यांना विश्वासाचा माणूस एकच दिसला. (स्टेशनमास्तरांना हा कुत्रा दोनदा चावला आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.)

नाव मेजर. खाणं फक्त कच्चं मटण, शिजवलेलं चालत नाही. साहेब म्हणाले, मी एप्रिलमध्ये परत येईन तेव्हा हा वळणावर आलेला असला तर तुझा. नसला तर नवापूरच्या स्टेशनमास्तरला देऊन टाकीन. मी म्हणालो, सर, ही विल बी अ जंटलमन.

सौ. रेवाबाई दारातच उभी. म्हणाली, "घरमा वशाट आनं ते मी माहेरले निंघी जासू." तिचं बरोबर आहे. लग्नाआधी आम्ही कोरीट गावची पोरं शेतात तीन दगडांची चूल मांडून, वेगळ्या भांड्यात मटण शिजवून खायचो. पण लग्नात तुळशीचं पान हातात घेऊन सासऱ्यांना शब्द दिला, की आता शिवणार नाही. मी एकदा शब्द दिला म्हणजे दिला.

५ मार्च

मुंबईहून मागवलेलं कुत्र्यांच्या शिक्षणाचं इंग्रजी पुस्तक वाचून टाकलं. निदान चित्रं सगळी पाहिली. त्यात हुकूम पाळल्यावर लहानसं बक्षीस द्या म्हणतात. मी एक पाऊल पुढे गेलो. सगळं जेवणच बक्षीस करायचं! एक हुकूम, एक तुकडा. हुकूम नाही, तुकडा नाही. साहेबी डोक्यातसुद्धा हे आलेलं नाही.

उद्यापासून पहाटे उठणे.

६ मार्च, सकाळी नऊ

उठायला उशीर. कय्युम खाटकाकडून शेळीची कलेजी आणली, बारीक तुकडे केले, कोटाच्या खिशात भरले. "सिट" म्हणालो. मेजर बसला नाही. त्याने खिसा फाडला. हुशारीचं लक्षण.

संध्याकाळ. एक तुकडा हातात उंच धरला तर घार आली आणि तुकडा घेऊन गेली. टोपीही घेऊन गेली. फलाटावर हमाल हसत होते. अडाणी लोक.

तारेच्या यंत्राची मूठ चिकट झाली आहे. सुरतेला दोन तारा चुकीच्या गेल्या.

९ मार्च

उन्हात मांसाला वास येतो, ही एकच अडचण. बाकी पद्धत निर्दोष आहे. उपाय सुचला. वाळवायचं! सौ.ने गच्चीवर मुगाचे वडे वाळत घातले आहेत, तिथेच एका कोपऱ्यात खाट टाकून कलेजी पसरली.

दुपार. सौ.ने खाट, कलेजी आणि माझं धोतर (ते शेजारी वाळत होतं म्हणून) खाली रस्त्यावर फेकलं. वडे सगळे गाईला घातले.

१० मार्च

कय्युमला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, हमारे यहां ईद का गोश्त ऐसाच सुखाते. मीठ-हळद लगाके, रस्सी पे. चांदबी कर देगी." चांदबी म्हणजे त्याची बायको. प्रश्न सुटला. कलेजी त्यांच्या गच्चीवर वाळणार, माझ्याकडे येणार ती कोरडी, कुरकुरीत, कापडी पिशवीत. पिशवी गोठ्यात टांगायची. गोठा म्हणजे घर नव्हे.

१४ मार्च

पहिला घाणा आला. मेजर "सिट" म्हटल्यावर खाली बसला! मी "सिट" म्हणायच्या आधीच बसला होता, पण ते बारीक बघायचं म्हटलं तर काहीच खरं नाही.

पुस्तकात म्हटलं आहे की बक्षिसाचा दर्जा शिक्षकाने स्वतः तपासावा. असं वाक्य मला नक्की आठवतं, पान सापडत नाही. एक तुकडा जिभेला लावला. तपासणी म्हणून. गिळला गेला, त्याला माझा इलाज नव्हता.

मीठ कमी.

१९ मार्च

चांदबीला निरोप दिला, कुत्र्यालाही चव असते, थोडा लसूण आणि मिरची लावून बघा. कय्युम म्हणाला, "कुत्ते के वास्ते?" मी म्हणालो, अर्थात.

२३ मार्च

मिरचीची कलेजी मेजरने हुंगली आणि सात वेळा शिंकला. म्हणजे त्या तुकड्यांचा त्याला उपयोग नाही. टाकून देणं बरोबर नाही. त्यांची वेगळी पिशवी केली. शिक्षकाची पिशवी.

२६ मार्च, एकादशी

उपास. साबुदाणा. दोनच तुकडे तपासले, तेही लहान. शास्त्राला तिथी नसते.

१ एप्रिल

मेजर जाड दिसतो. दिवसभर मोजून मापून खातो तरी जाड. माझी पद्धत अंगी लागते. फक्त एक सवय वाईट, संध्याकाळी सौ. चुलीपाशी बसली की हा दारात जाऊन बसतो. भाकरीच्या वासाने असेल. शिजवलेलं खात नाही, तरी बिचारा बसतो. बायकांना जनावरांचं मन कळत नाही, म्हणून तिला काही बोललो नाही.

सौ.ने विचारलं, "मिशीले कसाना वास ई ऱ्हायना?" मी म्हणालो, कामाचा.

८ एप्रिल

साहेबांचं पत्र. पंधरा तारखेला सुरतेच्या गाडीने येणार. मी उत्तर लिहिलं, मेजर सहा हुकूम पाळतो. (एक पाळतो. उरलेले पाच या आठवड्यात.)

१२ एप्रिल

पाचांपैकी एकही नाही.

ड्यूटीवर मेजर टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. तार खडखडली की कान हलवतो. हा नवापूरला गेला तर मला फार वाईट वाटेल. खरं सांगायचं तर रडू येईल. हे फक्त इथे.

१५ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

गाडी लेट. फलाटावर येरझाऱ्या घातल्या. मन स्थिर करायला शिक्षकाची पिशवी काढली. ती संपली. मग मेजरची काढली. गाडी येईपर्यंत तीही संपली. कशी, ते समजलं नाही.

साहेब उतरले. सौ. आली होती, निरोप द्यायला म्हणे. कय्युमही होता, तो का होता कोण जाणे. मी खणखणीत आवाजात "सिट" म्हणालो. मेजरने माझा हात पाहिला, मग पिशवी पाहिली. मग दोन्ही पाय माझ्या छातीवर ठेवून माझी मिशी चाटायला लागला. डावी बाजू, उजवी बाजू. मी "सिट, सिट" म्हणत मागे सरकत होतो, तो पुढे. साहेब म्हणाले, पाटील, तू काय खाल्लंस?

तेवढ्यात सौ. हळूच म्हणाली, "मेजर, बठ." मेजर बसला. "पाय दे." पाय दिला. "गप पड." आडवा झाला. तिने पदराच्या गाठीतून तूप लावलेल्या भाकरीचा तुकडा काढून त्याला दिला. त्याने खाल्ला. साहेबांनी टोपी काढून तिला सलाम केला आणि म्हणाले, कुत्रा मिसेस पाटलांचा.

मेजर राहिला. मी घरी येताना दोघांच्या मागून चालत होतो.

१६ एप्रिल, संध्याकाळ

सौ. माहेरी गेली असेल, या भीतीने ड्यूटीवरून घरी आलो. नव्हती गेली. गोठ्यात तीन दगडांची चूल मांडलेली, शेजारी नवं मातीचं गाडगं आणि चांदबीकडून आलेलं कलेजीचं पुडकं. सौ. म्हणाली, "घरमा तुळस शे. तुम्हनी आन मेजरनी पंगत आठे."

मी सासऱ्यांना दिलेल्या शब्दाबद्दल बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "बाबाले एक महिनाथीन माहीत शे."

मी हात पुढे केला. तिने पुडकं मागे घेतलं.

"पहिले बठा."

मेजर बसलाच होता. त्याच्या शेजारी मीही बसलो.