आसगावचा कोंबडा आणि जवाहरनगरची कढई

॥ श्री ॥

आसगाव, ता. पवनी
१६ जानेवारी २०२५

चि. कैलाश यास भोजराजचे आशीर्वाद. मोठा आहे म्हणून रीतीने लिहिले, मनातून निघालेले नाहीत.

पत्र पाहून दचकू नकोस. तुझा नंबर मी फोनमधून काढून टाकला आहे. फोनवर माणूस आज बोलतो आणि उद्या फिरतो, कागदावरचं फिरवता येत नाही. इकडे सर्व क्षेम. धान चुरून झालं, तणीस रचून झाली. तुझी बहीण रुपा बरी आहे.

आता रविवारचं. सासूबाई तुझ्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून मी पहिल्यांदा रुपाला घेऊन तुझ्या दारात आलो. मोकळ्या हाताने आलो नाही. नव्या चिन्नोर तांदळाचं पोतं आणलं आणि घरचा कोंबडा आणला. तो कोंबडा वर्षभर माझ्या अंगणात वाढला, अर्ध्या गावाच्या नजरेत होता. जावई स्वतः कोंबडा घेऊन सासुरवाडीला जातो, असं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. सासूबाईंच्या डोळ्यांमुळे मी तेही केलं.

त्या कोंबड्याचं तू काय केलंस? आगपेटीच्या काड्यांएवढे तुकडे केलेस, त्यात पत्ताकोबी घातलीस, गाजर घातलंस, सिमला मिरची घातलीस आणि वरून बाटलीतलं काळं पाणी ओतलंस. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. पाच मिनिटं कढई खडखडली आणि तू ताटं घेऊन आलास. पाच मिनिटांत आमच्याकडे चहाला उकळी येत नाही. कोंबडा शिजतो तोवर पाहुणा अंगणात बसतो, मसाल्याचा वास येतो, चार गोष्टी निघतात. त्या वेळालाच मान म्हणतात. तू मला बसस्टँडवरच्या गिऱ्हाइकासारखं उरकलंस.

तेही गिळलं असतं. पण मी ताटात बोटाने शोधलं. तंगडी नाही, काळीज नाही. जावयाच्या ताटात तंगडी पडते हे तुझ्या आईने तुला शिकवलेलं आहे, कारण माझ्या लग्नापासून ती मला वाढत आली आहे. मग या वेळी ती कोणासाठी ठेवलीस? जेवण सुरू असताना तुझा तो फॅक्टरीतला सुगत दारात आला आणि झाकलेला डबा घेऊन गेला, हे मी पाहिलं आहे. माझ्याच कोंबड्याची तंगडी माझ्या डोळ्यांसमोरून शेजाऱ्याकडे गेली.

पाच फेब्रुवारीला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि रुपाने तिथे राहायचं ठरलं होतं, हे मला ठाऊक आहे. ते ठरलेलं आता मोडलं असं समज. तू चूक कबूल करेपर्यंत ती तुझी पायरी चढणार नाही.

लोभ होता. पुढचं तुझ्या उत्तरावर.

भोजराज

---

जवाहरनगर
२२ जानेवारी २०२५

ति. भोजराज भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की कुणी मस्करी केली. इकडे आईची तब्येत बरी, डोळा तेवढा अधू. तृप्तीला दवाखान्यात रविवारीही ड्युटी असते, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे होता. नर्सच्या नवऱ्याने चूल सांभाळली तर आकाश कोसळत नाही, पण आपल्या चेहऱ्यावरून तसंच वाटत होतं.

आपण पाच मिनिटं ऐकलीत. त्याआधीचे दोन तास ऐकले नाहीत, कारण सुरी आवाज करत नाही. तो कोंबडा वर्षाचा, घट्ट. हाड काढलं, मांस आडवं धरून पातळ चिरलं, कच्च्या पपईचा कीस लावून तासभर ठेवलं, मग सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. भाज्या एकाच मापाच्या चिरल्या. ही भाजी चिरण्यात शिजते, जाळावर फक्त उरकते. जाळ मोठा ठेवून सारखं परतलं नाही तर पत्ताकोबीला पाणी सुटतं आणि सगळ्याचा लगदा होतो. हे मला सुगतनेच शिकवलं. नोकरी लागण्याआधी तो भंडाऱ्यात चायनीजच्या गाडीवर होता. त्याच्या डब्यात तीच भाजी गेली, दोन चमचे, चव बघायला.

हे सगळं कोणासाठी केलं, तेही सांगतो. आईचे खालचे दात गेले. वर्ष झालं, तिला हाडाचा तुकडा फोडता येत नाही. रस्सा भातावर घेऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते. त्या दिवशी ती पोटभर मांस जेवली. आपण ते पाहिलं नाही, आपण ताटात बोट घालून बसला होतात.

आणि तंगडी. भाऊजी, दोन्ही तंगड्या त्याच भाजीत होत्या, काळीजही होतं. तंगडीचं मांस परतल्यावर चिवट होत नाही म्हणून आधी तेच घेतलं. आपण ती खाल्लीत. तिला हाड नव्हतं म्हणून आपल्याला ओळखू आली नाही. मान हाडात असतो, हे मला माहीत नव्हतं.

आई म्हणते जावई म्हणजे दहावा ग्रह, शांत केल्यावाचून सुटका नाही. मी शांती करणाऱ्यातला नाही. रुपाताईला चार तारखेच्या बसने पाठवा. तिच्याशिवाय आई ऑपरेशनला तयार नाही.

लोभ वाढवा असं लिहिण्याची रीत आहे. आहे तेवढा आटू देऊ नये, इतकंच लिहितो.

आपला
कैलाश

---

आसगाव
२९ जानेवारी २०२५

चि. कैलाश यास,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही.

तुझं पत्र म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तंगडी भाजीत होती म्हणतोस. असेल. पण मग ती तुझ्याही ताटात गेली, तुझ्या आईच्या गेली, रुपाच्या गेली, त्या सुगतच्या डब्यात गेली. सगळ्यांना मिळालं त्याला मान म्हणत नाहीत, त्याला पंगत म्हणतात. सव्वीस वर्षं जुना जावई मी, पंगतीला आलो नव्हतो.

सासूबाईंचे दात गेले याचं दुःख मलाही आहे. त्यांच्यासाठी वेगळं काढून चिरता आलं असतं. एकीच्या दातांसाठी सगळ्यांची हाडं काढायची गरज नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. तू आसगावला यायचं. कोंबडा माझ्या अंगणातलाच घे, पण कापायचा तू, शिजवायचा तू, आमच्या पद्धतीने, तर्री येईपर्यंत. माझे चुलतभाऊ टिकाराम आणि तुलाराम बसलेले असतील. त्यांच्यासमोर तंगडी तुझ्या हाताने माझ्या ताटात वाढ. दुसऱ्या दिवशी रुपाला मी स्वतः भंडाऱ्यापर्यंत सोडतो. नाहीतर ती इथेच राहील. तिला मी सांगितलं आहे. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं आहे.

लोभाचा विषय सध्या बंद.

भोजराज

---

जवाहरनगर
७ फेब्रुवारी २०२५

श्री. भोजराजजी यांस नमस्कार.

भाऊजी लिहायला हात गेला होता, मागे घेतला.

पाच तारखेला आईला दवाखान्यात नेलं. तपासणी झाली, डोळ्यात थेंब घातले, हिरवा झगा हातात दिला. ती बाकावर बसली ती बसलीच. जो येईल त्याला विचारत होती की रुपा आली का. शेवटी डॉक्टरांना म्हणाली की माही पोरगी येत नाई तोवर डोळ्याले हात लावू देत नाई, मेली तरी चालीन. तृप्तीने समजावलं, मी हात जोडले. उपयोग झाला नाही. आम्ही तिला तशीच परत आणली. रस्ताभर ती मला विचारत होती, काहून आली नाई रुपा. मी काय सांगणार, की तुझ्या जावयाला कोबीत तंगडी सापडली नाही?

घरी आल्यावर खरं सांगावं लागलं. मला वाटलं ती आपल्याला शिव्या देईल. तिने मलाच झापलं. म्हणाली की जा, वाढून ये तंगडी, तुह्यं काय जाते. मी तिलाही सांगितलं की येणार नाही. साक्षीला चुलतभाऊ बसवून माफी मागायला मी कोणाची कोंबडी चोरलेली नाही.

डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पुरता पिकला आहे, महिन्यापलीकडे थांबलात तर आत दाब वाढेल आणि डोळा हाती लागणार नाही. पुढची तारीख अठरा आहे. डोळा गेला तर तो कशापायी गेला हे मी सगळ्या नातेवाइकांत सांगेन. आपल्या हाडाची किंमत सगळ्यांना कळू दे.

या पत्राला उत्तर नको. बहीण पाठवा.

कैलाश

---

जवाहरनगर
२० फेब्रुवारी २०२५

रुचिकाच्या बाबांना रुपाचा नमस्कार.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे. एक तुम्हाला पोस्टाने, एक इथेच कैलाशच्या हातात दिलं. मजकूर सारखाच आहे, कमीजास्त कोणाला काही नाही.

आईचं ऑपरेशन परवा झालं. पट्टी काल काढली. तिने पहिल्यांदा माझा हात बघितला आणि म्हणाली की किती वाळली तू. डोळा वाचला. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं. तुम्हा दोघांना ते पुन्हा सांगत नाही.

तुम्ही सतरा तारखेला सकाळी पवनीला गेलात, त्याच सकाळच्या बसने मी निघाले. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. भात झाकून ठेवला होता. तुम्ही लिहिलं होतं की रुपा काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं. पोस्टमन पत्रं माझ्याच हातात देतो, आणि तुम्ही लिहिलेलीही पेटीत मीच टाकते. मी चारही वाचली. चार पत्रांत माझं नाव किती वेळा आलं. पाठवतो, पाठवत नाही, पाठवा, सोडतो. एकानेही मला एक ओळ लिहिली नाही. रुपा, तुले यायचं हाय का, असं कोणी विचारलं नाही.

आता त्या जेवणाचं. सव्वीस वर्षं तुमच्या घरी कोंबडा मी साफ केला, मी तोडला, मी शिजवला, मी वाढला. कोणता तुकडा कोणाचा हे मला झोपेतही सांगता येतं. एक तंगडी तुमची. दुसरी मामंजींची, ते गेल्यावर पाहुण्याची, पाहुणा नसला की तीही तुमचीच. काळीज येईल त्या पुरुषमाणसाचं. मग छातीचं, पाठीचं. मान, पाय आणि भांड्याला लागलेला रस्सा माझा. मी तक्रार केली नाही, कारण आईकडेही तसंच पाहिलं होतं. तिथे तंगडी कैलाशची होती. कैलाश, तू आईच्या दातांवर चांगलं लिहिलंस. पण त्याच आईच्या चुलीपुढे मी तुझ्या शेजारी बसून मान चोखत होते, आणि ते तुला कधी दिसलं नाही. त्या दिवशीही तू आईसाठी केलंस. माझ्या ताटात पडलं ते तुझ्या लक्षातही नव्हतं.

पण पडलं. एका कढईतून एकाच पळीने वाढलं, सगळ्यांना सारखं. मी पहिला घास घेतला आणि मला कळलं की ही तंगडी आहे. तुम्हाला ओळखू आली नाही, मला आली. सव्वीस वर्षं जी सुरीखालून गेली आणि एकदाही तोंडात आली नाही, ती मला कळणार नाही तर कोणाला. मी अजून मागून घेतलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि त्यानंतर ताटात बोट घालून शोधू लागलात. तुमचा राग तंगडी गेल्याचा नाही. ती कोणाच्या तोंडात गेली ते तुम्ही पाहिलं, त्याचा आहे. हे मी तुम्हाला तोंडावर सांगू शकले नाही.

एक गुन्हा माझाही आहे, तो लिहून ठेवते. रुचिकाला लहानपणी मी मानेचाच तुकडा वाढला. ती एकदा म्हणाली होती की आई, मले तो मोठा दे. मी तिच्या हातावर मारलं. तिच्या सासरी आज कोणता तुकडा तिच्या ताटात पडतो, ते मी तिला कधी विचारलेलं नाही.

मी इथे पंधरा दिवस आहे, थेंब संपेपर्यंत. न्यायला येऊ नका. कैलाश सोडायला येणार नाही, तसं मी त्याला सांगितलं आहे. मी एकटी येईन. भाजी मी शिकून घेतली. कठीण काही नाही, सगळं एकाच मापाचं चिरायचं आणि जाळ कमी होऊ द्यायचा नाही. आपल्या चुलीवर होईल. घरी आले की माझ्या हातचा कोंबडा असाच होईल. टिकारामभाऊजी आणि तुलारामभाऊजींना बोलवायचं असेल तर बोलवा, त्यांनाही सारखंच वाढीन, त्यांच्या बायकांनाही. अख्खी तंगडी हवी असेल त्या दिवशी तुम्ही कोंबडा कापा, तुम्ही शिजवा, आणि ती कोणाला वाढायची ते वाढताना माझ्याकडे बघून ठरवा.

दरवेळी मी शेवटी लिहिते की काही चुकलं असल्यास क्षमा असावी. या पत्रात काही चुकलेलं नाही.

रुपा