उसनी सासू

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. आशीर्वाद जरा राखून ठेव, आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. 'तपासणीला आम्ही दोघं गेलो' असं मी लिहिलं होतं. त्यात दुसरं माणूस म्हणून मी पोटातल्याला धरलं होतं. हे जहाजावर आहेत, अजून तीन महिने तिथंच असतील. शाळेत घालायच्या आधी तू मला ओट्याशी बसवून मोजायला शिकवलंस, ते असली लबाडी करायला नाही. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. 'बरा आहे' चालणार नाही.)

तर सोमवारी रक्ताचा रिपोर्ट घ्यायला दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाई प्रत्येकीला विचारतात, "सोबत कोण?" प्रत्येकीशेजारी कुणीतरी तिची पर्स धरून बसलेलं असतं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझीच फाइल. गेल्या खेपेला मी "येतायत, गाडी लावतायत" म्हणाले आणि त्या बिचाऱ्या चाळीस मिनिटं दाराकडे बघत राहिल्या. म्हणून या वेळी पलीकडच्या आजींना विचारलं, दोन मिनिटं माझ्या सासूबाई व्हाल का? त्यांची सून सोनोग्राफीला आत गेली होती, त्या रिकाम्याच होत्या. लगेच तयार झाल्या.

इतक्या तयार होतील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या नि सुरूच झाल्या, "ही काही ऐकत नाही हो. दूध पुढ्यात ठेवलं की तोंड फिरवते. आमच्या वेळी नव्हती असली थेरं." (दूध मी रोज दोनदा पिते. तरी मान खाली घातली. आत्या, किती दिवसांनी कुणीतरी माझी तक्रार करत होतं!) तेवढ्यात दारात खरी सून. "आई, इथं काय करताय? मी शोधतेय तुम्हाला!" आजी उठल्या, जाता जाता मला दटावलं, "दूध पी." मग मी डॉक्टरीणबाईंना सगळं कबूल केलं. त्या खूप हसल्या, आणि रिपोर्ट उघडल्यावर हसायच्या थांबल्या.

बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता दोनशेत एक, असं त्यात आहे. "म्हणजे एकशे नव्याण्णव बाळं ठीक असतात," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी वहीत दोनशे ठिपके काढले. त्यातल्या एकाला गोल करायला पेन उचलवेना. नक्की कळायचं तर सुईनं बाळाभोवतीचं पाणी काढून तपासतात. त्यात गर्भ पडायचा थोडा धोका असतो, म्हणून ठरवायचं मी. काल ह्यांचा फोन लागला. "तू म्हणशील तसं," म्हणाले, आणि फोन कटला. (त्यापुढंही काही बोलले असतील, असं मी धरून चालते.)

बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. 'काळजी करू नकोस' हे सवयीनं लिहिलं. कर.

ता. क. दुसरा. त्या पाण्याच्या तपासणीच्या फॉर्मवर 'घरी कोण नेणार' असा रकाना आहे. तिथं तुझं नाव पेन्सिलीनं लिहिलंय. न विचारता शाईनं लिहिणं बरं दिसलं नाही. जमणार नसेल तर खोडेन, रागावणार नाही. (वाईट मात्र वाटेल.) काहीच न कळता पाच महिने काढणं मला झेपायचं नाही, म्हणून तपासणी करून घेणार हे ठरलंय: येत्या गुरुवारी, बावीस तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता.